जिवतीचा कागद

आई मला ओळखेल का, हा एकच प्रश्न घेऊन मी यंदा श्रावणात कॅनडाहून अकोल्याला आले. कागद कापून चित्रं करण्यावर तिकडे माझं पोट चालतं. वरूडकडची संत्र्याची बाग, बैलांच्या झुली, आठवेल ते कापते आणि लोक त्याला वारसा म्हणतात. म्हटलं, परक्यांना वऱ्हाड दाखवणाऱ्या हातांनी आईला का दाखवू नये? जठारपेठेतल्या घरी रोज तिच्यापुढे बसून कापायचे. आमचं अंगण, बाबांची सायकल, दोन वेण्यांतली मी. ती कौतुकाने बघायची आणि विचारायची, "कोनाची व तू, बाई?" परत जायचा दिवस जवळ येत होता आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. देवापुढे बसले तरी मनात कात्रीच चालायची. खरं सांगते, देवाचा रागही आला होता.

शुक्रवारी सकाळी आईने जिवती मागितली. लेकरांच्या रक्षणासाठी भिंतीवर लावून पुजतात तो छापील कागद. लेकीला विसरली, जिवतीला नाही, म्हणून मी चिडलेच. तरी हौसेने जिवती कापून दिली, तर म्हणते, "हे नोहे." एवढी नावाजलेली कलाकार, मुकाट दुकानात गेले. कागद संपले होते. आईला हवाच आहे हो, असं मी दुकानदाराला विनवत होते. शेवटचा घेतलेली एक अनोळखी बाई माझा चेहरा बघत थांबली. "घरी माय हाये ना? मंग ने. मी जावेच्या घरी पुजून घेईन," म्हणाली, आणि कागद माझ्या हातात देऊन निघूनही गेली.

आईने कणकेचे दिवे ओवाळले. लेकरू परगावी असलं की आपल्याकडे चारी दिशांना अक्षता टाकतात. तिने मूठ भरली आणि जिवतीला म्हणाली, "मायी पोरगी लय दूर रायते. कोन्या दिशेले, ते मले आठवत नाई. तू जपजो तिले."

एका दिशेला मी बसले होते. दाणे माझ्या केसांत पडले. 'आई, मी इथेच आहे' हे ओठांवर आलं होतं, ते गिळून मी मान खाली घातली आणि पोटभर रडले.

आई मला आजही ओळखत नाही. घालमेल होते, पण ओळख पटवायचा हट्ट मी जिवतीच्या पायाशी ठेवला आहे. परक्या देशात इतकी वर्षं मी कुणाच्या भरवशावर तगले, ते आता मला ठाऊक आहे.