सगुणाबाईचा पुढचा दात

कात्रप गावातल्या कुठल्याही हळदीत सगुणाबाई मांडवात शिरली की डीजेवाला संदीप कोणी न सांगता आवाज बंद करायचा. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नगीतं, म्हणणारी धवलारीण गायल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही, आणि सगुणाबाईइतका खणखणीत गळा त्या पट्ट्यात दुसरा नव्हता. हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

भावकीतल्या विकासची हळद तोंडावर आली आणि चिंबोरीची नांगी फोडताना तिचा पुढचा दात अर्धा गेला. आरशासमोर गाऊन पाहिलं, तर शब्द कमी आणि हवाच जास्त. घाबरून तिनं उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला दातांचा दवाखाना गाठला. तिथली डॉक्टर जिज्ञासा अंगानं काडी, पण तोंडाचा पट्टा सुरू.

"मावशी, आंबट औषधानं दात खरखरीत केलाय, धुऊन सुकवलाय. आता यावर मसाला बसवणार. मध्येच थुंकी लागली ना, तर दिसायला चिकटतो, पण धरत नाही. सो प्लीज, जीभ नो एंट्री! ओके?"

"आँ," सगुणाबाई म्हणाली.

पण जन्मभर मिश्री लावलेल्या बाईची जीभ ती. दातांवरून फिरल्याशिवाय तिला करमायचं नाही. डॉक्टर मसाला कडक करायचा निळा दिवा घ्यायला वळली, तेवढ्यात जीभ फिरून आलीसुद्धा.

"लागली नाही ना जीभ?"

नातवंडं असलेल्या बाईनं हे कबूल कसं करायचं? सगुणाबाईनं मान हलवली. नाही. वर डोळेही मिटून घेतले.

हळदीच्या दिवशी देवांना बोलावणारा पहिलाच धवला. सगुणाबाईनं सूर उचलला आणि टप्! दाताचा तुकडा थेट विकासच्या मांडीवर.

"आयला, विकेट!" मागून कोणीतरी ओरडलं. मांडव हसून फुटला. पोरं शिट्ट्या मारत "फगुनाबाई, फगुनाबाई" करायला लागली.

विकासची आई कुंदा मात्र पेटली. "थांब वयनी, त्या डॉक्टरनीला दाखवतंय!" तिनं फोन लावला, वर स्पीकरवर टाकला. "काय गो बाय, दात काय भाताच्या शितानं चिकटवलास? उद्या माजी पोर हर्षदा येनार होती तुज्याकडं. नाय येनार आता! सगल्या कात्रपला सांगतंय!"

"सॉरी काकू," पलीकडून बारीक आवाज आला. "माझंच कुठेतरी चुकलं असणार. मावशींना पाठवा, मी परत करून देते. खरंच सॉरी."

बायका एकमेकींना ढोसून हसल्या. सगुणाबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गप्प बसली असती तर कोणाला कळणारही नव्हतं. तिनं कुंदाच्या हातातून फोन ओढला.

"पोरी, जीभ मीच लावली."

"पण मावशी, मी विचारलं होतं ना…"

"इचारलंस. मी खोटी मान हालवली."

मांडवात कोणी हसेना. पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन बंद झाला. कुंदानं खाली बघत हळदीची वाटी पुढे सरकवली. सगुणाबाईनं पदर तोंडावर ओढला आणि धवला पहिल्यापासून धरला. मागच्या बायकांना नीट ऐकू येईना, पण मोठ्यानं गायला सांगायला कोणी धजलं नाही.