बाइंडिंगला गेलेली वेबसाइट

लायब्ररीत पुस्तकं मोजून येतात, किस्से न मोजता साठतात. त्यांना नोंदवहीच नसते. बनारसच्या एका लॉ कॉलेजच्या लायब्ररीत मी असिस्टंट होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे इंटरनेट आलं, आणि परदेशी कायदे शोधून द्यायचं काम आमचे लायब्रेरियन आपटे सर आणि मी, अशा दोघांच्या गळ्यात पडलं.

*

सर जुन्या वळणाचे. सर्चच्या चौकटीत ते इंग्रजीत अख्खा अर्जच टाइप करायचे, ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत. मी एकदा म्हटलं, सर, दोन शब्द पुरतात.

"अगं, परक्या देशाचा कायदा मागतोय आपण. नीट मागायला नको?"

*

चांगली साइट सापडली की सर तिचं कॅटलॉग कार्ड करायचे. देशवार ड्रॉवर लावले होते. एक दिवस न्यायनिवाड्यांची एक साइट उघडेना. दोन दिवस सरांचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी तिच्या कार्डावर पेन्सिलीने लिहिलं, ‘बाइंडिंगला गेली आहे.’

महिन्याभराने ती नव्या रंगरूपात उघडली. सरांनी ती ओळ हलकेच खोडली आणि म्हणाले, "छान झालंय हो बाइंडिंग."

*

एक निवृत्त प्राध्यापक होते, आमच्यासारखेच काशीतले मराठी. नजर अधू झालेली. कुठल्याशा आंतरराष्ट्रीय कराराची प्रत मागवायला त्यांनी परदेशी पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर नव्हतं. आम्हाला ती नेटवर मिळाली. मोठ्या अक्षरात छापून दिली, तर ते कागदांवरून हात फिरवत राहिले. कुणी पाठवली, म्हणून विचारलं. मी सांगितलं, पाठवत कुणी नाही, तिथे ठेवलेलीच असते. ज्याला हवी त्याने घ्यावी.

"अच्छा," ते म्हणाले, "म्हणजे पाणपोई."

*

दुर्गाघाटावर आमच्या शेजारी विमलकाकू राहायच्या. त्यांचा मुलगा कॅनडात वारला, मग सुनेची पत्रंही थांबली. नातवाला त्यांनी पाहिलंच नव्हतं. एका दुपारी त्या लायब्ररीत आल्या. तिथल्या कायद्यात आजीला काही हक्क असतो का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

सर आणि मी तीन दुपारी शोधत होतो. सून राहायची त्या प्रांताचा कायदा सापडला: गंभीर कारण असल्याशिवाय आईवडिलांनी मूल आणि आजीआजोबा यांच्या संबंधांत आडकाठी आणू नये. मी मराठीत वाचून दाखवलं. काकूंनी पुन्हा वाचायला लावलं. मग छापलेल्या कागदामागे लायब्ररीचा ईमेल लिहून घेऊन तो घडी करून नेला.

आठवड्याने मी विचारलं, वकिलाकडे पाठवलात का?

"नाही गं. सुनेलाच चिठ्ठी टाकली. तू कशी आहेस, एवढंच विचारलं. तो गेल्यापासून विचारलंच नव्हतं मी तिला."

महिना उलटल्यावर लायब्ररीच्या ईमेलवर सुनेचं उत्तर आलं, सोबत नातवाचा फोटो. मी काकूंना बोलावून आणलं. त्यांना खुर्ची देऊन सर मागे उभे राहिले. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरत होता. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. नाकापर्यंत आला आणि फोनची लाइन तुटली.

मी पुन्हा जोडायला गेले, तर काकूंनी माझा हात धरला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत माझा मुलगाच आहे."