सब ठीक है, साहेब

तुमच्या गळ्यावर बोटांचे वळ असताना कोणी तुमच्या हातात चहाचा ट्रे दिला, तर तुम्ही चहा वाटाल का?

मी वाटला. सौंसरला, एका शाळेच्या हॉलमध्ये. लढाईची दहशत मनात घेऊन घरी आलेल्या फौजींची आणि त्यांच्या बायकांची ती बैठक. पाच जोडपी. नागपूरहून समुपदेशक बाई येत. नवराबायकोनं सगळ्यांसमोर खरं बोलायचं, हाच उपचार. पण बैठक भरवणारे निवृत्त साहेब खुर्चीवर, शेजारी त्यांच्या मॅडम. आम्ही सतरंजीवर.

"जवानांच्या बायका चहाचं बघतील," मॅडम म्हणाल्या. माझं नावही विचारलं नाही.

मग साहेबांनी विचारलं, "किसी को कोई तकलीफ?"

एकेक नवरा उठला. छाती ताठ, हात मांड्यांना चिकटलेले. "सब ठीक है, साहेब." पाचही जण. फौजेत साहेबासमोर हेच उत्तर असतं. बाईंनी तेच लिहून घेतलं.

"बढिया," साहेब म्हणाले. "फिर अगले महीने से बैठक बंद."

ठीक? आमचं घर मोहगावकडच्या रस्त्याला, संत्र्याच्या बागांना लागून. माकडं हाकलायला बागवाले कार्बाइडचा पाइप उडवतात. बंदुकीसारखा बार होतो. बैठकीच्या चार दिवस आधी भरदुपारी बार झाला आणि झोपलेल्या नवऱ्यानं माझा गळा धरला. डोळे उघडे होते. त्या डोळ्यांत मी नव्हते.

विळा, कुऱ्हाड मी शेजारच्या काकूकडे नेऊन दिली. काकू म्हणाली, "कुऱ्हाड ठेवून घेतो पोरी. त्याचे हात कोनाकडे ठेवशीन?"

बैठक बंद झाली, तर पुढचा बार होईल तेव्हा मी आणि ते हात, एवढेच उरणार होतो.

ट्रे खाली ठेवला. गळ्यावरचा पदर काढला.

"हे ठीक आहे का? लिहा, बाई."

"फौजीच्या बायकोनं घरातलं बाहेर काढायचं नसतं," मॅडम म्हणाल्या. साहेब माझ्या नवऱ्याकडे वळले. "अपनी घरवाली को संभालो."

"जी, साहेब." तो ताठ उभा.

"बसा तुमी," मी म्हणाले. "इथं पलटन नाही."

तो बसला. हुकमाशिवाय. मग खाली बघत म्हणाला, "मले भेव लागते. एखांद्या दिवशी हिले मारून टाकीन मी."

बाईंनी लिहिलेलं खोडलं. साहेब उठून गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, हॉलची किल्ली मिळणार नाही.

नको. पुढच्या महिन्यात आम्ही रस्त्याकाठच्या कडुलिंबाखाली बसू. गोल बसू. खुर्ची नाही, ट्रे नाही. बाईंना तसं कळवलं आहे. त्या आल्या नाहीत तरी बसू.

हे लिहिते आहे आणि बागेत माकडं उतरली आहेत. बार कधीही होईल. तो जागा आहे. मी दार उघडं ठेवलं आहे.

तुमच्या गावात असा परतलेला फौजी असेल, तर त्याला 'सब ठीक?' असं विचारू नका. त्याच्या बायकोकडे जा. तिला विचारा, घरातली कुऱ्हाड कुठे ठेवली आहेस? आणि उत्तर ऐकल्याशिवाय परत फिरू नका.