काळजीची सावड

अख्खा रविवार झोपून काढला तरी सोमवारी अंगात त्राण नसायचं, आणि सोमवारी वर्गात उभी राहिले की मंगळवार-बुधवार अंथरुणात जायचे. आजाराचं नाव कळायलाच दोन वर्षं लागली: क्रॉनिक फटीग सिंड्रोम. वडवणीत हे नाव सांगितलं की लोक विचारत, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना? तेव्हा मला एखादं हाड मोडून घ्यावंसं वाटे. प्लास्टर तरी दाखवता आलं असतं.

शहरातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आजार काळजीनं झालेला नाही, पण रोजची जी मूठभर ताकद मिळते ती काळजी खाऊन टाकते. तेवढी कमी करा. घरी येऊन मी काळजी कशी कमी करायची, याचीच काळजी करत बसले. रजा संपत आली होती. पुढच्या सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं आणि दिवसभर उभं राहणं मला झेपणार नव्हतं. नाही झेपलं तर नोकरी सोडावी लागली असती, आणि शिकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. मी फार घाबरले होते.

माझ्या थोरल्या जाऊबाई भिंतीला भिंत लागून राहतात, शेत आणि म्हैस बघतात. त्यांनी एका दुपारी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझी शाळा मला दे. मी करते काळजी. माझी म्हस व्यायला झालीय, तिची तू कर."

आमच्याकडं बायका सावडीनं खुरपतात. आज सगळ्या माझ्या रानात, उद्या तिच्या. त्यात एक नियम कडक असतो: दुसरीनं धरलेल्या पातीत, म्हणजे तिच्या वाट्याच्या ओळीत, आपण पुन्हा खुरपं घालायचं नाही. घातलं तर तिला तो अपमान वाटतो. जाऊबाईंनी हाच नियम लावला. मी शाळेचं नाव काढलं की त्या हात वर करायच्या, "पात माझी हाय."

काम त्यांनी चोख केलं. रोज संध्याकाळी येऊन हिशोब द्यायच्या: आज दोनदा केली तुझी काळजी, एकदा भाकरी थापताना, एकदा कापसात. भाकरी करपली, म्हणजे काळजी चांगलीच झाली असणार. मीही खिडकीतून म्हशीकडं बघत काळजी करायला बसे. पण म्हैस इतक्या निवांतपणे रवंथ करायची की पाच मिनिटांत माझाच डोळा लागे.

गुरुवारी म्हैस व्याली, तेव्हाही मी झोपलेलीच होते. शनिवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. जाऊबाई खरवसाचा डबा घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेल्या होत्या आणि माझं वेळापत्रक बदलून आल्या होत्या: पहिले तीन तास, तेही खुर्चीत बसून, उरलेला वेळ वाचनालयात. मला आधी राग आला. जे मागायला मला सहा महिने लाज वाटत होती, ते या बाईनं डबा उघडून मागितलं होतं. मग राग टिकेना.

मी गोठ्यात गेले आणि कबूल केलं की माझी पात मी नीट धरली नाही, म्हैस व्याली तेव्हा झोपले होते. त्या शेण भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिची काळजी व्हती कुणाला? पाचवं वेत हाय तिचं. तुला कायतरी हलकं द्यायचं व्हतं."

"मग तुमची खरी काळजी कोणती होती, बाई?"

"तूच की. कवाधरनं करतीय. सावडीत घेतली म्हून उघड करता आली."

मला रडू आलं. त्यांनी ते न बघितल्यासारखं केलं.

सोमवारी मी तीन तास शिकवलं, खुर्चीत बसून. मंगळवारी अंथरुणातून उठवेना. आता बुधवारचं काय, म्हणून मी एक मोठा उसासा टाकला. लगेच भिंतीपलीकडून आवाज आला, "ए, पात माझी हाय."