पारखींचा धाकटा भाऊ

पारखी हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. घोड्यांच्या शर्यतींवर पेपरात लिहिता लिहिता लोकांनी ते त्यांना चिकटवलं, आणि पुढे पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारू लागला. शर्यतीच्या दिवशी सकाळी ज्याच्या त्याच्या हातात त्यांचा रकाना असायचा. कुठला घोडा खरंच तयारीचा आहे, कुठला नुसताच चकाकतो, कुणाला ओली माती मानवते आणि कोण पहिल्या वळणापर्यंतच शूर असतो, हे ते दर घोड्यामागे दोन-चार ओळींत सांगत. स्वतः मात्र त्यांनी उभ्या जन्मात पैज लावली नाही. कुणी फारच छेडलं तर म्हणायचे, "आचारी कधी पंगतीत बसलेला पाहिलाय का?"

उजाडायच्या सुमाराला घोडे सरावाला बाहेर पडत, तेव्हा पारखी मैदानाच्या कठड्याला टेकून उभे असत. गळ्यात दुर्बीण असायची, पण बघण्यापेक्षा त्यांचं ऐकणंच जास्त चालायचं. लंगडणारा घोडा डोळ्यांना फसवतो, कानांना फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग हापिसात येऊन ते दुसऱ्या दिवशीच्या शर्यतींचा अंदाज लिहायला बसत. त्या लिहिण्यात कुणाची भीडभाड नसे. मालकांनी डोळे वटारले, ट्रेनरांनी बोलणं टाकलं, पण रकान्यातला शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही.

त्यांचा धाकटा भाऊ जॉकी होता. बांध्यानं एवढासा, म्हणून सगळे त्याला चिमणा म्हणायचे. आईवडील लवकर गेले, तेव्हा पारखींनीच त्याला वाढवलं होतं, आणि त्याची उंची काही वाढत नाही हे पाहून तबेल्यात त्याला नेऊन सोडलं होतं तेही त्यांनीच. पारखींचं लग्न राहून गेलं. चिमण्याचं झालं. त्याची बायको घोडेमालकांच्या रंगांचे सदरे शिवायची, जे घालून जॉकी शर्यतीत उतरतात ते. दोन खोल्यांच्या घरात तिघं राहत. पुढच्या खोलीत शिवणयंत्र आणि पारखींची खाट, आतल्या खोलीत ती दोघं.

पेपरात मात्र पारखींनी एक पथ्य पाळलं होतं. चिमणा ज्या घोड्यावर असेल त्या घोड्याबद्दल ते लिहीत, चिमण्याबद्दल चकार शब्द नाही. बाकीच्या जॉकींची तारीफ व्हायची, चुका निघायच्या. भावाच्या वाट्याला नुसतं नाव. लोक म्हणतील, भावाची टिमकी वाजवतोय; ही धास्ती. चिमण्याची बायको रोज सकाळी चहा गाळून झाला की पेपर उघडायची, तो रकाना बोट फिरवत वाचायची आणि घडी घालून ठेवून द्यायची.

चिमणा आता चाळिशीला आला होता. वजन हटेना. जाड कपडे चढवून पळायचा, जेवणाच्या ताटावर बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा. ट्रेनर लोकांची नजर पोरसवद्या जॉकींकडे वळली होती. आठवड्यामागून आठवडे त्याला घोडाच मिळायचा नाही. मिळाला तर असा, की तो शर्यतीत आहे हे फक्त त्याच्या मालकाला ठाऊक.

मोसमातल्या मोठ्या शर्यतीच्या आदल्या सकाळी पारखी नेहमीसारखे कठड्याशी उभे होते. शेरदिल धावून गेला. दमाचा होता, पण मान मोकळी सोडत नव्हता. बिनधास्त नावाप्रमाणे सुटला आणि नावाप्रमाणेच भरकटला. मग मोरपीस आली. काळसर, लांब मानेची घोडी. सगळ्यांचा पैसा तिच्यावरच लागणार हे उघड होतं. सरळ रेषेत ती पाण्यासारखी गेली. वळणावर मात्र पारखींनी डोळे मिटले. टापांचा ताल एके ठिकाणी तुटत होता. पुढचा डावा पाय ती पुरता टेकवायच्या आतच उचलत होती.

ती परतल्यावर त्यांनी तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला गाठलं. "डाव्या पायाचं काय?"

"सकाळी जरा आखडते. चालली की मोकळी होते," मोतद्दार तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला आणि नजर चुकवून निघून गेला.

पारखींनी हापिसात जाऊन लिहिलं: शेरदिल जिंकायला हरकत नाही. मोरपीस या सगळ्यांत गुणी आहे, पण उद्या तिनं धावू नये. वळणावर तिचा पाय तिला साथ देणार नाही.

शर्यतीच्या सकाळी पेपर घरोघर गेला तसा मोरपीसवर बसणाऱ्या नामांकित जॉकीच्या घरीही गेला. त्यानं तो वाचला आणि आपलं पोट बिघडल्याचं ट्रेनरला कळवून टाकलं. घोड्यांच्या डॉक्टरनं मोरपीसला अंगणात चालवून पाहिलं, पास केलं. ट्रेनर ऐन वेळी जॉकी शोधायला लागला. जे रिकामे होते त्यांत अनुभवाचा म्हणावा असा एकच होता.

पारखी कठड्यावरून घरी आले तेव्हा चिमणा जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. शीळ घालत होता. त्याची बायको यंत्रावर वाकलेली, पण यंत्र बंद होतं.

"फोन आला होता, दादा," चिमणा म्हणाला. "मोरपीस मिळाली."

पारखी खाटेवर बसले. "नाही म्हणून सांग."

"डॉक्टरनं पास केलीय."

"डॉक्टरनं ती अंगणात पाहिलीय. मी वळणावर पाहिलीय. चिमण्या, ऐक माझं."

"या मोसमात असा घोडा मला कुणी दिलाय का? तू तसं लिहिलं नसतंस तर आजही मिळाला नसता. म्हणजे उपकार तुझेच." तो हसला, मग बूट खाली ठेवून म्हणाला, "मी तिला वळणावर जपून घेईन. माझ्या हातांवर तुझा भरवसा नाही का?"

चिमण्याच्या हातांसारखे हात मैदानावर दुसऱ्या कुणाचे नव्हते. बिथरलेलं शिंगरूसुद्धा त्या हातांखाली शांत होतं, हे पारखींना सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ओठांवर आलंही होतं. पण आत्ता ते बोलणं म्हणजे त्याला घोडीवर चढवणंच. म्हणून ते एवढंच म्हणाले, "प्रश्न हातांचा नाही, पायाचा आहे."

चिमण्यानं बूट उचलले. "तुझ्याकडून कधी बरं ऐकायला मिळालंय म्हणा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. बायकोला "येतो" म्हणून तो निघून गेला.

पारखी त्याच्यामागोमाग मैदानावर गेले आणि थेट पंचांच्या खोलीत शिरले. घोडी काढून घ्या, म्हणाले. मुख्य पंचांनी डॉक्टरांचा दाखला पुढे सरकवला. "तिच्यावर तुमचाच भाऊ बसतोय ना? त्याला नाही शंका, आणि तुम्हाला आहे?" पारखींनी पुन्हा सांगून पाहिलं. शिपायानं दार उघडून धरलं.

शर्यत सुटली. चिमण्यानं मोरपीसला कुंपणापासून दूर, मोकळ्यात ठेवलं. पहिलं वळण इतकं रुंद घेतलं की लोक ओरडले, पण पारखींना कळलं, तो तिचा डावा पाय वाचवतोय. मग समोरच्या सरळ रेषेत त्यानं हात सैल केले आणि घोडी एकेकाला मागे टाकत गेली. इतकी वर्षं पारखींचा अंदाज खरा ठरावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसायचे. त्या दिवशी पारखी स्वतः, दोन्ही हातांनी कठडा धरून, मी चुकू दे, मी चुकू दे, असं पुटपुटत होते.

शेवटच्या वळणावर ती पुढे होती. तिथेच तिचा पाय मोडला. चिमणा तिच्या मानेवरून पुढे फेकला गेला आणि घोडी त्याच्या अंगावर पडली.

घोडीभोवती लगेच कापडी आडोसा लावला गेला. इंजेक्शन देऊन तिचा त्रास तिथेच संपवला. चिमण्याला इस्पितळात नेलं. त्याची बायको शिवणाचं बोटातलं टोपण तसंच घालून आली होती; ते नर्सनं काढून तिच्या मुठीत दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी काही सांगायच्या आधीच ती भिंतीला धरून खाली बसली. चिमण्याला शेवटपर्यंत शुद्ध आली नाही.

पुढे जे झालं ते पारखींना त्याहून जड गेलं. रस्त्यात माणसं थांबवायची. तो जॉकी पारखींचा भाऊ हे त्यांना ठाऊक नसायचं, रकाना ठाऊक असायचा. "काय अंदाज होता तुमचा! तुमच्यामुळे पैसे वाचले," म्हणायची. एका दुकानदारानं तर त्यांचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला. हापिसात पत्रांचा ढीग आला. संपादकांनी बोलावून सांगितलं, थोडे दिवस विश्रांती घ्या, मग या. पारखी म्हणाले, येतो, पण मला घोडे नकोत. त्यांना मुद्रितं तपासायचं काम मिळालं.

घरात ती दोघं एकमेकांना चुकवत राहत. ती आतल्या खोलीत, ते पुढच्या. यंत्र बंदच होतं. एका संध्याकाळी तिनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"भावोजी, एक विचारू? मी त्यांना कधी शर्यतीत पाहिलं नाही. भीती वाटायची म्हणून जातच नव्हते. कसे बसायचे ते घोड्यावर? मला बरं वाटावं म्हणून नको. जसं असेल तसं सांगा."

पारखी सांगायला लागले. सुरुवातीला अडखळत, मग भडाभडा. पहिल्याच शर्यतीत तो भित्र्या घोड्याच्या कानाशी बोलत कसा गेला होता. चाबूक असून नसल्यासारखा कसा धरायचा. त्या शेवटच्या दिवशी पहिलं वळण त्यानं कसं घेतलं, आणि ते दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. चहावर साय धरली. ती खाली बसून ऐकत होती, अधूनमधून पदरानं तोंड पुसत होती.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हे त्यांना सांगायला हवं होतं."

"हो," पारखी म्हणाले.

महिन्याभरानं तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. शिवणयंत्र टेम्पोत चढवायला पारखींनी हात लावला. तिनं वाकून नमस्कार केला, ते "अगं, राहू दे," म्हणाले, आणि टेम्पो गेला.

आता ती शाळांचे गणवेश शिवते. सुटीच्या दिवशी पारखी बस पकडून तिच्याकडे जातात. तिचा भाऊ त्यांना खुर्ची देतो, ती हातातलं काम न थांबवता ख्यालीखुशाली विचारते. गुंता झालेला दोरा ते सोडवून देतात, काजं करायची राहिली असतील तर त्यांच्या जागी खडूनं खुणा करून देतात. घोड्यांचा विषय निघत नाही. निघायची वेळ झाली की ती दारापर्यंत येते आणि म्हणते, "सावकाश जा, भावोजी. पुढच्या वेळी जेवायलाच या."