बाबांच्या हाताचा स्पीड

मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई कॉम्प्युटरशी मालवणीत बोलतात. मशीन ऐकेनासं झालं की हट्टी पोरीला दटावावं तसं म्हणतात, "खंय पळतंस गो? जरा थांब!" जुने गेम नव्या मशीनवर चालवायची त्यांना भारी हौस. ऑफिसातून आल्या की चहा गार होईपर्यंत त्यातच गुंग.

अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी बाबांना उजव्या बोटांचा व्यायाम सांगितला. बाबांना मात्र नोकरीच्या दिवसांतला विटा फोडायचा गेमच हवा होता. मी तो नव्या लॅपटॉपवर टाकला, तर चेंडू इतका सुसाट की दिसेचना. बाबांनी लॅपटॉप ढकलून दिला. "संपलं रे माझं."

मी ताईंना बोलावलं. "काका, हात ठीक आहे तुमचा. जुना गेम नव्या मशीनवर असाच उधळतो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी चेंडू अगदी संथ करून दिला. मग दर रविवारी 'सेटिंग बघते' म्हणत यायच्या आणि बाबांच्या नकळत स्पीड किंचित वाढवायच्या. मी काही बोलायला गेलो की डोळ्यांनीच गप्प करायच्या. बाबांना कळलं तर, या धास्तीत मी असायचो.

परवा बाबाच म्हणाले, "आज विसरलीस वाटतं. वाढव की थोडा."

ताई ओशाळल्या. "आता वाढवायला उरलं नाही, काका. तुमच्या नोकरीच्या दिवसांतला मूळचा स्पीड हाच."

बाबा उजव्या हाताकडे बघत राहिले. मग त्याच हाताने त्यांनी बिस्किटांची बशी ताईंपुढे सरकवली.