सुतळीनं शिवलेली खुर्ची

त्या सकाळी बाईंनी आमच्या ओट्यावर, माझ्या बायकोच्या खुर्चीत बसून चहा घेतला. बाई शेजारीच भाड्यानं राहतात, धाराशिवच्या कॉलेजात शिकवतात. वस्तू टिकली पाहिजे, मोडली तर दुरुस्त झाली पाहिजे, अशी कशी बनवायची ते पोरांना सांगायचं, हे त्यांचं काम. चहा संपला की कप उलटा करून त्याचं बूड बघणार. मी काही फेकलं की लगेच, "आजोबा, टाकलं म्हणजे कुठं टाकलं?"

"तुमच्या डोक्यावर," मी म्हणायचो. त्या लई हसायच्या.

खुर्ची प्लास्टिकची. मधोमध तडकली तेव्हा बायकोनं ती सुतळीनं शिवली होती. औंदा उन्हाळ्यात बायको गेली. बाईंनी पोरांना दाखवायला खुर्ची मागितली, मी दिली.

दुपारी ती आणायला कॉलेजात त्यांच्या वर्गावर गेलो. टेबलावर खुर्चीचे दोन तुकडे. टाका न् टाका कापलेला.

"बाई, ही माझ्या बायकोची खुर्ची हाय, कापायला कोंबडी न्हाय!"

बाईंचं तोंड पांढरं पडलं. "मीच उसवायला सांगितलं, आजोबा, टाके कसे घातलेत ते पोरांना बघायचं होतं. टाके त्यांचे होते, हे मला माहीत नव्हतं."

मग पोरांसमोर गुडघ्यावर बसून त्यांनी फरशीवरचा सुतळीचा एकेक तुकडा ओढणीत वेचला. खुर्चीचे तुकडे तिथंच ठेवून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोचा दाभण घेऊन कॉलेजात गेलो. बाईंच्या हातात दिला आणि म्हणलं, "उसवलंय तुम्ही. आता शिवा."